सोगोकचे शंभर टक्के

सोगोक, ८ मार्च

चि. मिरान हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद, सोबत थोडा राग.

तुझ्या कार्यालयाचं आरोग्य ॲप गावात पोचलं. एकतीस म्हाताऱ्यांना एकतीस फोन वाटले. रोज सकाळी फोनला तोंड दाखवून तो उघडायचा आणि आपला रक्तदाब, साखर आपणच भरायची, असा हुकूम आहे. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की हे काम सरकारी नर्सचं, म्हणजे माझं! आता आरोग्य केंद्रात भाजीच्या टोपलीत एकतीस फोन पडलेले असतात. माणूस येतो, मी मोजते, त्याचा फोन हुडकून आकडे भरते. फ्यो आजोबांना ॲप रोज सांगतं की थोडं चालत जा. ते वाचून घ्यायला आजोबा डोंगरावरून तीन किलोमीटर चालत माझ्याकडे येतात.

कोबीची किमची पाठवली आहे. डबा परत कर, मागचे दोन तुझ्याकडेच आहेत.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

प्रांत कार्यालय, २१ मे

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

अभिनंदन! सोगोक प्रांतात पहिलं. शंभर टक्के नोंदी! आमचे छे साहेब गहिवरले. भिंतीवरच्या नकाशात तुझं गाव हिरवंगार चमकतंय. टोपलीबद्दल मी बोलले नाही. एवढी शाबासकी पहिल्यांदाच मिळत होती, तोंड उघडवलं नाही.

आता पुढचं बसून वाच. साहेबांचं म्हणणं, जिथले म्हातारे स्वतःची तब्येत इतकी चोख सांभाळतात, तिथे नर्स कशाला? ऑक्टोबरपासून केंद्र बंद करायचा प्रस्ताव आहे. तो टाइप मीच केला. रागावू नकोस असं म्हणायलाही मला तोंड नाही.

किमची छान मुरली होती.
तुझी मिरान

सोगोक, ३० मे

चि. मिरान,
आशीर्वाद. राग या खेपेला वेगळा लिहीत नाही, तो पत्रभर आहे.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी फोन ज्याचे त्याला देऊन टाकले. म्हटलं, आता तुमचं तुम्ही भरा. एकीने फोन खराब होऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला. फ्यो आजोबांनी रक्तदाबाच्या जागी जन्मसाल भरलं. ॲपने त्यांना शाबास म्हटलं.

पण हसू नकोस. काल सकाळी दोकसुन आजींचं तोंड एका बाजूला ओघळलं, डावा हात उचलेना. आज्ञाधारक बाई, आधी ॲप उघडायला गेली. ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. तिने सहा वेळा केला. शेजारीण लसूण मागायला गेली म्हणून निभावलं. तिने आजींना पाठीवर घालून माझ्याकडे आणलं. मी पाहताक्षणी ॲम्ब्युलन्स बोलावली. वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

चूक माझीही आहे. तुमची जिरवायच्या नादात मी चार दिवस कुणाच्या दारात गेले नाही. कालपासून तेच मनात येतं.

हे पत्र साहेबांना वाचून दाखव. जमत नसेल तर मला उत्तर लिहू नकोस.
ओकरान

प्रांत कार्यालय, १८ जून

ती. ताईस,
नमस्कार, मान खाली घालूनच.

पत्र भर बैठकीत उभं राहून वाचलं, टोपलीसकट. छे साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि टिपून घेतलं की वाकड्या चेहऱ्यांसाठी ॲपमध्ये सोय करावी. मग माझा तोल गेला. म्हटलं, साहेब, त्या शंभर टक्क्यांतला एकही आकडा ॲपचा नाही, माझ्या बहिणीच्या हातचा आहे. केंद्र बंद केलंत तर हे पत्र वर्तमानपत्रात देईन.

केंद्र बंद होत नाही. फक्त पाटी बदलणार: 'डिजिटल स्वावलंबन साहाय्य कक्ष'. काम तेच, नर्सही तीच. मला मात्र उद्धटपणाबद्दल तुझ्या हाताखाली पाठवताहेत. साहेबांना वाटतं, ही शिक्षा आहे.

काल दवाखान्यात दोकसुन आजींना भेटले. बोबडं बोलत, पण पहिलं वाक्य हेच की वाळलीस गं, तिकडे जेवायला घालत नाहीत का?

शनिवारी येते. एक विनंती आहे. लोकांसमोर नको, आधी घरी शिकव, रक्तदाब मोजतात कसा? सहा वर्षं मी त्याचे तक्ते केले, पण आजवर एकाही माणसाचा दंड हातात धरलेला नाही.

तुझी धाकटी,
मिरान