भर दुपारी फुटलेला फोटो

सोमवार, २० जानेवारी २०२५

फोटो परत फुटला!

गावातल्या दत्तोबांच्या आईचा, शकुबाईंचा. येत्या दोन तारखेला त्यांचं वर्षश्राद्ध. एवढा एकच फोटो आहे त्यांचा. २०२३ च्या मे महिन्यात नातीच्या लग्नात ह्यांनी काढलेला. त्याच वर्षी सप्टेंबरात हे झोपेतच गेले. तेव्हापासून स्टुडिओ मी बघते. पासपोर्ट फोटो जमतात. पण हा भिंतीएवढा मोठा हवाय. चेहरा अंधारात होता म्हणून उजेड वाढवला, तर रवा सांडल्यागत दाणेच दाणे.

दत्तोबा म्हणाले, "वहिनी, दुसरा फोटूच न्हाय आईचा. जमवा कायबी करून."

मंगळवार, २१

वाटलं, मोबाईलवरून आलेला घेतलाय म्हणून फुटतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो हलका होतो, हे वाचलं होतं. ह्यांच्या हार्ड डिस्कमधून मूळ फाईल काढली.

तीच गत.

गुरुवार, २३

कॉम्प्युटरवर दाणे घालवायची सरकती पट्टी सापडली! शेवटपर्यंत ओढली. चेहरा लोण्यासारखा. इतकी खूश झाले, की लगेच दत्तोबांना बोलावलं.

त्यांनी जवळून बघितलं, लांबून बघितलं. "वहिनी, ही कुणाची म्हातारी?"

"अहो, शकुबाईच की."

"मग कपाळावरचं गोंदण कुठं गेलं? हनुवटीवरचं तीन ठिपकं? सरगात पावडर लावून बसलीया व्हय?" हसत म्हणाले, पण डोळे भरले होते.

मशीनला गोंदणही दाणेच वाटले. सगळं पुसून टाकलं. सुरकुत्यासुद्धा. आणि मी बघितलंही नाही! शकुबाईंच्या शेजारी बसून लग्नं जेवलेली बाई मी.

पट्टी परत शून्यावर आणली.

शनिवार, २५

फाईल घेऊन एसटीने बारामतीला गेले. लॅबमधल्या वृषालीला दाखवली. गुणी पोरगी आहे. दहा वर्षं आमचे प्रिंट तिच्याकडेच होतात.

"काकू, तुमचं एडिटिंग चुकलेलं नाही. फोटो काढतानाच दाणे आलेत. हे बघा." तिने फाईलची माहिती उघडली. आयएसओ सहा हजार चारशे. शटर, सेकंदाचा दोन हजारावा भाग. "भर दुपारी, मांडवात, खुर्चीवर बसलेल्या माणसाला एवढं कशाला लावायचं? तात्यांचं लक्ष नसेल त्या दिवशी."

ह्यांना सगळे तात्याच म्हणत.

 मला राग आला. लक्ष नसेल? ह्यांचं? रीळ होती तेव्हा छत्तीसच्या छत्तीस फोटो चांगले यायचे! परतीच्या एसटीत आमचं निमगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, एक झाड दिसलं नाही.

सोमवार, २७

चौथीत शाळा सुटली. बाकीचं वाचन ह्या दुकानात बसून शिकले. आज कपाटातलं कॅमेऱ्याचं मराठी पुस्तक काढलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. शटर जलद ठेवलं की उजेड कमी पडतो. तो भरून काढायला आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायचा. तो वाढला की दाणे येतात.

म्हणजे हे मुद्दाम केलेलं. चुकून नाही.

पण शटर जलद कधी ठेवायचं? हलतं ते स्थिर दिसावं म्हणून. बैलगाड्यांची शर्यत, कबड्डी. शकुबाई तर दोन्ही हात मांडीवर ठेवून गप बसल्यात.

गुरुवार, ३०

आज दिला फोटो. भिंतीएवढा नाही, वहीच्या पानाएवढा. उजेड जरासाच वाढवला. वृषालीने सांगितलं तसा चमक नसलेल्या कागदावर काढला. गोंदण आहे. ठिपके आहेत. दाणेही आहेत.

दत्तोबांनी हनुवटीवरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "व्हय. हीच."

"थोडे दाणे राहिलेत," मी म्हटलं.

"राहू द्या की. आई काय गुळगुळीत व्हती का?"

फ्रेम शर्टाच्या आत घालून गाडीवरून गेले.

रविवार, २ फेब्रुवारी

वृषालीचं बोलणं खोटं पाडायचं म्हणून ह्यांच्या सगळ्या फायली उघडल्या. २०२२ च्या दिवाळीपर्यंत प्रत्येक मांडवात आयएसओ चारशे, शटर एकशे पंचविसावा भाग. दिवाळीनंतर शेवटच्या फोटोपर्यंत दोन हजारावा. नवरानवरी, बारशी, देवळाचा कळससुद्धा. कळस कुठं हलतो?

हलत होता तो कॅमेरा धरलेला हात. ह्यांचा.

त्याच दिवाळीपासून हे माझ्यासमोर जेवेनात. डबा दुकानात न्यायचे, चहासुद्धा घरात घेईनात. हे जाईपर्यंत अकरा महिने मी मनात धरून बसले — ह्यांना माझा कंटाळा आलाय.