एका चौकटीत दोघी

४ मार्च

चि. चष्मेवालीस,
अ. उ. आ.

सोबत नळकांडं पाठवलंय. उघडताना कात्री चालवू नकोस, झाकण फिरव. आत आपल्या घराण्याचा वंशवृक्ष आहे. दोनशे अठरा माणसं, सात पिढ्या, आणि एकही रेघ तिरकी नाही. पस्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले. कुठला पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो हे ज्याला दाखवता येतं, त्याला माणसं काही अवघड नाहीत.

मागच्या भेटीत तू फिदीफिदी हसली होतीस, की काका आता कम्प्युटरवर मेलेली माणसं गोळा करत बसतात. हस बाई. पण तुझ्या दादाला त्याच्या पणजोबांचं नाव विचारून बघ, छताकडे बघत बसेल. मी सगळा कारभार एका सॉफ्टवेअरमध्ये केला. माणशी एक चौकट, तीत जन्म, लग्न, मृत्यू, फोटो आणि ही माहिती कुठून मिळाली त्याची नोंद. माझ्यापेक्षाही शिस्तीचं प्रकरण आहे. एकच माणूस चुकून दोनदा भरला गेला तर ते आपणहून हटकतं, की या दोन चौकटी एकाच माणसाच्या दिसतात, एकत्र करू का. अशा चौदा जोड्या निघाल्या. चौदाही वेळा मी हो म्हटलं आणि झाड कसं स्वच्छ झालं.

चाळीस प्रती छापून चाळीस घरांना रवाना केल्या. तुझी प्रत दुकानात लाव. शेवटची पिढी बारीक अक्षरात आहे, गिऱ्हाइकांची नजर तपासायला उपयोगी पडेल. वहिनींना नमस्कार सांग आणि त्यांनाही दाखव.

लोभ आहेच. या कामापायी तो थोडा वाढला तर माझी हरकत नाही.

तुझा,
काका


९ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीनं लिहिलाय, फार मनावर घेऊ नका. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही खोकला काढता आणि विषय बदलता. कागदावर खोकता येत नाही.

नळकांडं उघडलं, झाकण फिरवूनच. धन्य आहे तुमची! एका बटणात माझ्या आईला मारून मोकळे झालात. बाबांच्या शेजारी एकच चौकट आहे. तीत फोटो दादाच्या आईचा, जन्मतारीख दादाच्या आईची, ती गेली ती तारीखही तिचीच, आणि खाली मुलं दोन, दादा आणि मी. म्हणजे ती बिचारी गेल्यावर पाच वर्षांनी मी तिच्या पोटी जन्मले. असा चमत्कार आपल्या घरात झाला आणि मला चौपन्न वर्षं कुणी सांगितलं नाही!

आणि माझी आई? दादाची आई गेल्यावर दोन वर्षांनी बाबांनी जिच्याशी लग्न केलं, जिनं तीन वर्षांच्या दादाला लहानाचं मोठं केलं, ती? ती आत्ता पलीकडच्या खोलीत बसून मी घातलेली पडद्याची शिवण उसवतेय, कारण ती वाकडी आहे. चांगली धडधाकट आहे. तुमच्या सात पिढ्यांत मात्र ती कुठेच नाही. दोनशे अठरा माणसांत तुम्हाला पणजोबांच्या मेहुण्याचा दत्तक मुलगा सापडला, सख्खी वहिनी सापडली नाही.

एक सांगा, मूल आईच्या मरणानंतर जन्मलं तर तुमच्या त्या शिस्तीच्या प्रकरणानं तोंडातून शब्दही काढला नाही? की काढला आणि तुम्हीच त्याला गप्प बसवलंत? हे आईला मी मेले तरी दाखवणार नाही. नळकांडं कपाटामागे टाकलंय. आधी ते झाड दुरुस्त करा, मग लोभाचं बघू.

तुमची,
पुतणी (हे तरी खरं ना?)


१३ मार्च

चि. चष्मेवालीस,
अ. उ. आ.

पत्र कसलं, तोफखानाच पाठवलास. दुकानात नंबर चुकला तर तू निमूटपणे काच बदलून देतेस ना? मग मीही माणूसच आहे.

होय, सॉफ्टवेअरनं लाल खूण दाखवली होती. पण जुन्या माणसांच्या तारखा भरताना अशा खुणा पन्नास वेळा येतात. कुणी लग्नाआधी वारलेलं असतं, कुणी बापापेक्षा थोरलं निघतं. मी ‘दुर्लक्ष करा’ म्हटलं. पण चौकटी एकत्र केल्या त्यात त्या सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? नाव तेच, आडनाव तेच, नवरा तोच, पत्ता तोच. अनोळखी माणसालाही वाटेल की बाई एकच.

नाव तेच कसं, ते तुला ठाऊक आहे की नाही कोण जाणे. वहिनी घरात आल्या त्या दिवशी तुझे आजोबा म्हणाले, या घरच्या थोरल्या सुनेचं नाव जिभेवर बसलंय, आता या वयात दुसरं कुठे पाठ करू. मग तेच पुढे चालू राहिलं. भांड्यांवर ते होतंच, कागदोपत्रीही तेच लागलं. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. वहिनीही काही बोलल्या नाहीत.

आता दोघी वेगळ्या करता येतात, पण सारख्याच नावानं ठेवल्या तर ते सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा हटकणार. तेव्हा वहिनींचं आधीचं नाव मला कळव. मुलगी आहेस, तुला माहीतच असणार. पाच मिनिटांचं काम आहे, उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. वहिनींच्या कानावर जाऊ देऊ नकोस, बायका लगेच मनाला लावून घेतात.

लोभाचं तू नंतर बघणार आहेस, मी आधीच करून ठेवलाय.

तुझा,
काका


१८ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मला माहीत नाही.

हे वाक्य लिहायला तीन दिवस लागले. आईचं नाव बदललं होतं हेच मला तुमच्या पत्रातून कळलं. दोघी एकाच नावाच्या, हा मी योगायोग समजत होते. दादाला विचारलं, तो म्हणाला, आईला आईच म्हणतात. थोर विचारवंत! आईची ट्रंक उपसली. बँकेचं पुस्तक, दवाखान्याची फाइल, लग्नाचा दाखला, सगळीकडे तेच उसनं नाव. तिच्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. दिवसभर मी लोकांना समोर बसवून विचारते, खालची ओळ दिसते का, आता दिसते का. आणि घरात जी बाई चौपन्न वर्षं समोर आहे, तिला हा एक प्रश्न मी कधी विचारला नाही. तुम्हाला नावं ठेवत होते, आता आरशापुढेही उभं राहवत नाही.

आणि लपवण्याचं म्हणाल तर तेही जमलं नाही. मी दुकानात असताना तिनं कपाटामागून झाडू फिरवला. संध्याकाळी आले तर तक्ता जेवणाच्या टेबलावर पसरलेला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या, आणि ती मीच बनवलेला चष्मा लावून वाचतेय. मला म्हणाली, अक्षर स्वच्छ आहे हो भाऊजींचं, मी कधी गेले तेसुद्धा चष्मा काढला तरी दिसतंय. मला रडू फुटलं. तिनं मला डाळ चढवायला सांगितली.

मग मी नाव विचारलंच. तिनं सांगितलं नाही. म्हणाली, काकांना विचार, त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, तेच तर मला विचारतायत. त्यावर तिनं माझ्याकडे कागद मागितला. तेव्हा तयार राहा.

तुमची,
पुतणी


२० मार्च

भाऊजींस,
स. न. वि. वि.

मी मध्यंतरी वारल्यामुळे पत्र लिहायला उशीर झाला, राग मानू नये.

तुमचा तक्ता सगळा वाचला. मेहनत दिसते. फक्त एक हिशेब लागत नाही. मी जर एकोणसाठ वर्षांपूर्वीच गेले, तर तुमच्या परीक्षांच्या वेळी तुम्हाला पहाटे हलवून उठवत कोण होतं? मामंजी आठ वर्षं अंथरुणावर होते, त्यांची कूस कोण बदलत होतं? तुमच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं कुणी केली? तुमचे भाऊ शेवटी मलाच ओळखेनासे झाले, तेव्हा त्यांच्या उशाशी कोण बसलं होतं? मेलेल्या माणसाकडून इतकं काम करून घेणारं घर मी दुसरं पाहिलं नाही.

पहिलीवर माझा राग नाही. तिच्या फोटोवरची धूळ मीच पुसत आले. उलट तिचीच कीव येते. गेल्यावरही तिची सुटका नाही, सगळ्या घरानं तिच्या नावानं मला कामं सांगितली. मी गप्प राहिले, हे तुम्ही माझ्या मुलीला कळवलंत. राहिले खरी. बावीस वर्षांची होते आणि परक्या घरात उभी होते, तिथे काय भाषण करणार होते?

पण मी अगदीच गप्प नव्हते. आल्यावर चौथ्या दिवशी मी जिन्याच्या पायऱ्या पुसत होते. तुम्ही कॉलेजातून आलात, एकोणीस वर्षांचे होतात. पायऱ्या ओल्या म्हणून खालीच थांबलात आणि मला विचारलंत, वहिनी, तुमचं स्वतःचं नाव काय हो. मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, छान आहे, मी लक्षात ठेवीन. त्या घरात मला ते विचारणारे तुम्ही एकटेच. या घरात एका माणसाला मी कोण ते माहीत आहे, एवढ्यावर मी बरीच वर्षं काढली. आज सांगते, कारण आता लाज वाटायचं वय राहिलं नाही.

आणि तुम्ही माझ्या मुलीला लिहिता, की आधीचं नाव कळव, पाच मिनिटांचं काम आहे. राग त्याचा आलाय, भाऊजी. त्या यंत्राचा नाही. त्याला मी कधी काही सांगितलं नव्हतं.

आठवलं तर लिहा. नाही आठवलं तर अंदाजानं काही ठोकून देऊ नका.

लोभ होता, एवढंच आज लिहिते.

तुमची वहिनी


३१ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आठवत नाही.

जिना आठवतो. तुमच्या हातातलं फडकं आठवतं. मी विचारलं होतं हेही तुमचं पत्र वाचल्यावर आठवलं. नाव मात्र येत नाही. दहा दिवस अ पासून ज्ञ पर्यंत एकेक अक्षर घेऊन बसलो. दोन-तीन नावं ओठांवर आली, पण तुम्ही ठोकून देऊ नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. सहा पिढ्यांमागच्या माणसाचं नाव जुन्या दप्तरातून उकरून काढलं, त्याचा केवढा तोरा मिरवला, आणि जे तुम्ही माझ्यासमोर उभं राहून सांगितलंत ते हरवून बसलो. मी नकाशे काढायच्या लायकीचा होतो, माणसांच्या नाही.

चाळीसही घरांना पत्रं टाकून तक्ते परत मागवले. छत्तीस आले. चार घरांनी उलट कळवलं, की आम्हाला त्यात काही चूक दिसली नाही. आपल्या माणसांबद्दल याहून जास्त काय लिहू.

दोघींच्या चौकटी मी वेगळ्या केल्या आहेत. पहिल्या वहिनींची त्यांच्या नावानं आहे. तुमची माझ्या थोरल्या भावाच्या शेजारी आहे, आणि खाली तुमची मुलगी. तुम्ही ज्याला वाढवलंत त्या मुलाचीही रेघ तुमच्यापर्यंत आणलीय, त्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती, मीच कधी पाहिली नव्हती. नावाची जागा रिकामी आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगा म्हणायला तोंड नाही, तरीही विचारतो. सांगाल?

लोभ मागायचा हक्क राहिला नाही. तुम्ही ठेवाल तेवढा असू द्या.

तुमचा धाकटा दीर


८ एप्रिल

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईनं दोनदा वाचलं. म्हणाली, खोटं नाही बोलले, एवढं बरं केलं. मग घडी घालून पत्र ट्रंकेत ठेवलं. ती पत्रं ठेवत नाही, वाचून झाली की त्यांवर भाज्यांची यादी करते. तेव्हा काय समजायचं ते समजा.

त्या चार घरांची नावं मला कळवा. पुढच्या वेळी चष्म्याला आले की त्यांना दूरचंच काय, जवळचंही दिसेल असा नंबर देते.

परवा सकाळी तिनं मला नाव सांगितलं. इथे लिहीत नाही, कारण तिची तशी ताकीद आहे. तिचं म्हणणं, पहिल्यांदा जिन्याखाली उभं राहून विचारलं होतं, आता समोर बसून विचारावं. तेव्हा येत्या रविवारी या. कम्प्युटर आणा, आणि ते तिच्या समोर भरा. जन्मतारीखही तिची वेगळी आहे, तीही मला परवाच कळली. इतकी वर्षं आम्ही भलत्याच दिवशी तिला शुभेच्छा देत होतो आणि ती हसून घेत होती. कुणाकुणाला बोल लावू, मला स्वतःचीच चीड येते. लवकर या.

लोभ चालू केलाय, पण रविवारी आला नाहीत तर बंद.

तुमची,
पुतणी

ता. क. नाव कळल्यावर मला राहवेना. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी आतून तिला त्या नावानं हाक मारली. तिनं पाहिलंही नाही. पुन्हा मारली, तर शेजारच्या गॅलरीकडे वळून बघितलं, तिकडे कुणी नवीन राहायला आलंय की काय म्हणून. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिच्या हातातला चिमटा तसाच राहिला, आणि मग तिनं ओ दिली.