अक्रोडाला औषध

३ मे

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यामागच्या अक्रोडाचे कोंब तू ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलेस, ते टवटवीत पोचले होते. झाड तोडायला आलेल्या नगरपालिकेच्या माणसाला तू म्हणे, रोप हातात पडेपर्यंत कुऱ्हाड लागणार नाही, असं सांगून परत पाठवलंस. वर त्याचं रक्त तपासून त्याला साखर बंद केलीस. बाबा सांगताना इतके हसत होते की त्यांना ठसका लागला.

थोडक्यात, रोपाचं लचांड माझ्या गळ्यात. बी पेरून भागलं असतं तर बरं होतं. पण बियाचं रोप आईच्या वळणावर जाईलच असं नाही, आणि तुझ्या झाडाच्या लाकडातल्या त्या लाटांसारख्या रेघा दुसऱ्या झाडात नाहीत. म्हणून कोंबाचे तुकडे धुऊन, निर्जंतुक करून जेलीसारख्या अन्नावर बरण्यांत लावले. पंधरा दिवस अगदी दृष्ट लागावी असे वाढले. मग बुडाशी दुधासारखा गढूळपणा दिसायला लागला. जंतू बाहेरून आलेच नव्हते, झाडाच्या आतच बिऱ्हाड करून बसले होते.

मी हातपाय गाळले नाहीत. आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये एक अँटिबायोटिक होतं, ते अन्नात मिसळलं आणि बरण्या लख्ख झाल्या. तेव्हा आता काळजी नसावी.

गुडघ्याला तेल लावत जा आणि माझी आठवण काढत जा.

तुझी लाडकी,
खार

११ मे

चि. खार हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून कपाळाला हात लावला. साध्या सर्दीला अँटिबायोटिक देत नाही म्हणून अर्धं गाव मला कंजूष डॉक्टरीण म्हणतं, आणि माझी सख्खी भाची फ्रिजमध्ये सापडलं ते औषध झाडाला पाजते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जंतू कोणता, हे तपासलंस का? तो कोणत्या औषधाला मरतो, हे पाहिलंस का? किती दिवस द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे ठरवलंस का? यातलं काहीच पत्रात नाही, म्हणजे काहीच केलेलं नाही. ताप उतरला की आजार गेला असं धरून चालणारे पेशंट मला रोज भेटतात. तू त्यांच्याच रांगेतली. आमचे कंपाउंडर म्हणाले की ताईंना केसपेपर काढून बसवा.

झाडाचं म्हणशील तर एक फांदी वाळली आहे. पालिकेचा माणूस खोड आतून पोकळ आहे म्हणतो. साखर बंद केल्यापासून तो माझ्यावर डूख धरून आहे, त्यामुळे त्याचं मी फारसं मनावर घेत नाही.

रागावले म्हणून माया आटली असं समजू नये.

तुझी,
आत्या

६ जुलै

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मला राग आला होता. आता गेला, कारण तुझंच खरं निघालं.

बरण्या स्वच्छ होत्या, पण पानं पिवळी पडत गेली आणि मूळ तर एकालाही फुटेना. एका बरणीत औषध न घालता पाहिलं, तर आठवड्यात पुन्हा तोच गढूळपणा. जंतू मेलेच नव्हते, नुसते दबून बसले होते. मग निमूटपणे तू सांगितलंस तसं केलं. जंतू बशीत वाढवले आणि वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या त्यांच्यावर ठेवल्या. माझ्या औषधाच्या टिकलीला त्यांनी भीकही घातली नाही. दुसऱ्या एका टिकलीभोवती मात्र स्वच्छ गोल उमटला. ते औषध ठरवून, मोजून दिलं. पानं थोडी हिरवी झाली आहेत.

आता औषध बंद करायचं, आणि इथेच घोडं पेंड खातंय. एखादा जंतू अजून लपलेला असला तर सगळ्या बरण्या एकदम जातील. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणतात, औषध असेपर्यंत मुळं फुटणार नाहीत, आजच बंद कर. मी रोज सकाळी ठरवते आणि रोज संध्याकाळी औषध घातलेल्या बरण्याच तयार करते. आत्या, मला खरंच भीती वाटते. एवढं एक कर. पुढच्या पालवीपर्यंत झाड राहू दे. हे फसलं तर नवे कोंब मिळतील, एवढा आधार असला तरी माझा हात चालेल.

माझ्या बावळटपणासकट मला पदरात घे.

तुझी,
खार

१४ जुलै

चि. खार हिस,
अनेक आशीर्वाद.

झाड मजेत आहे. तू आजच औषध बंद कर. सगळ्या बरण्या नासल्या तरी मी एक शब्द बोलणार नाही, पुढच्या पालवीला टोपलीभर कोंब पाठवीन. औषध सुरू करायला अक्कल लागते आणि बंद करायला छाती. अक्कल तुला उशिरा आली, छाती तरी वेळेवर येऊ दे.

बाकी क्षेम. गुडघा बरा आहे. दवाखान्यात हल्ली सकाळी दिवा लावावा लागत नाही. कंपाउंडरांनी फाटकाला रंग दिला, त्यातला निम्मा स्वतःच्या सदऱ्याला. पालिकेच्या माणसाची साखर उतरली आहे. आमचं आता बरं जमतं.

जेवणाच्या वेळी जेव आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
आत्या

१९ ऑक्टोबर

ती. आत्या हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं त्याच दिवशी औषध बंद केलं. वरचे अगदी कोवळे शेंडे तेवढे कापून साध्या अन्नावर लावले. पहिल्याच आठवड्यात निम्म्याहून जास्त बरण्या नासल्या. त्या धुताना मी नळ मोठा सोडून रडून घेतलं. पण मोडकळीला आलेलं झाड का असेना, तुझ्या अंगणात उभं आहे, असं स्वतःला बजावत राहिले आणि पुन्हा औषधाकडे वळले नाही. बाकीच्या बरण्या टिकल्या. पुन्हा पुन्हा तपासल्या, जंतूचा मागमूस नाही.

आणि आत्या, मुळं आली. पांढरीशुभ्र, चांगली बोटभर. सहा रोपं मातीत लावली आहेत, वर प्लॅस्टिकचं झाकण आहे. बाई कधी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. थंडी संपेपर्यंत रोपं कुंडीतच ठेवायची आहेत, पण त्यातलं सगळ्यात गुटगुटीत घेऊन मी पुढच्या रविवारी येते. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी ठेवून एक फोटो काढू. मग खुशाल बोलाव पालिकेच्या माणसाला.

भेटीत उरलेली शाबासकी वसूल करीन म्हणते.

तुझी,
खार

२४ ऑक्टोबर

चि. खार हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि मग कंपाउंडरांकडून मोठ्याने वाचून घेतलं. तुझा फार अभिमान वाटतो.

पण फाटकातून आत आल्यावर तुला धक्का बसू नये म्हणून आधीच कळवते. झाड नाही. जुलैच्या सुरुवातीला वारा सुटला आणि ती वाळलेली फांदी पेशंटच्या बाकावर पडली. एका बाईंना लेकरासह मी नुकतंच आत बोलावलं होतं, म्हणून निभावलं. बाकाचे दोन तुकडे झाले. माझ्या हट्टापायी एक लेकरू गेलं असतं. दुसऱ्या दिवशी मीच पालिकेच्या माणसाला बोलावलं. खोड पोकळ निघालं, त्याचंच खरं होतं. सुतार चांगलं लाकूड घेऊन गेला, पोकळ ओंडका तेवढा अंगणात राहिला.

झाड असेपर्यंत तुझा हात चालेल, असं तुझं पत्र त्यानंतर आलं. मी अंगणात गेले, त्या ओंडक्यावर बसले आणि झाड मजेत आहे असं तुला लिहिलं. पेशंटशी मी आजवर खोटं बोलले नाही. तुझ्याशी बोलले. मला खात्री होती म्हणून नाही, खात्री मुळीच नव्हती. बरण्या नासल्या असत्या तर तुला काय तोंड दाखवणार होते, याच विचारात हे तीन महिने गेले. तू शेवटच्या बरण्यांवर काम करत होतीस, आणि ते फक्त मला माहीत होतं.

रविवारी रोप मांडीवर घेऊन बस, सामानात ठेवू नकोस. हे वाचून लोभ कमी झाला असेल, तर उरला असेल तेवढा घेऊन ये.

तुझी खोटारडी,
आत्या