रूथबाईंचं बिस्किट

सनीव्हेल, २० एप्रिल १९८६

ती. नीलावन्सं,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आणि सोबतची अंगाऱ्याची पुडी मिळाली. आईंनी पुडी लगेच कपाटातल्या देवांपुढे ठेवली. इथे सगळे खुशाल आहेत. आईंचे गुडघे साताऱ्यापेक्षा बरे आहेत, कारण आमच्या अपार्टमेंटला जिना नाही. विनीताला आजीनं रामरक्षा शिकवली. म्हणते छान, पण मध्येच थांबून अर्थ इंग्रजीत विचारते.

आईंच्या सोवळ्याला जपा, असं तुम्ही लिहिलंत. जपते आहे. त्यांचं पातेलं वेगळं, डबे वेगळे, आणि पावात अंडं नाही ना हे वाचल्याशिवाय मी तो घरात आणत नाही.

आईंना इथे मैत्रीण मिळाली आहे. शेजारच्या रूथबाई. ज्यू आहेत, सत्तरीच्या, एकट्या राहतात. मागच्या महिन्यात पडल्या आणि उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये आहे. आईंना इंग्रजी येत नाही आणि त्यांना मराठी, तरी दुपारभर दोघींच्या गप्पा चालतात. कशा, ते मला विचारू नका. ह्या आठवड्यात त्यांचा मोठा सण आहे. मुलगा न्यूयॉर्कहून जेवायला येणार आहे. वडिलांशी भांडून गेला होता, तो ते वारल्यावर आता प्रथमच घरी येतोय. त्याच्या आवडीचं म्हणून रूथबाई बिस्किट करणार आहेत आणि आई त्यांना कांदे चिरून देणार आहेत. हो, कांदे घातलेलं बिस्किट असतं त्यांच्यात.

हेमचंद्र आले. उरलेलं नंतर लिहिते.

२७ एप्रिल

वन्सं, वर लिहिलेलं बिस्किट खोटं आहे.

रूथबाईंचा शब्द ब्रिस्केट. आईंनी बिस्किट ऐकलं आणि मी ते तसंच राहू दिलं. ब्रिस्केट म्हणजे गाईच्या छातीचं मांस. चिवट असतं. भरपूर कांद्यावर ठेवून, घट्ट झाकून, मंद ओव्हनमध्ये दुपारभर शिजवलं की मऊ होतं. मला वाटलं, कांदे चिरून झाले की आई घरी येतील, त्यांना कळायचंही नाही. मी निवांत ऑफिसला गेले.

काल सकाळी रूथबाईंचा मुलगा डॅनियल फुलं घेऊन दारात उभा. आईंकडे बघून म्हणाला, "इट वॉज माय मदर्स ब्रिस्केट, बट हर हँड्स." म्हणजे आईंनी नुसते कांदे चिरले नव्हते.

तो गेल्यावर मी आईंजवळ जाऊन बसले. त्या वाती वळत होत्या.

"आई, ते बिस्किट नव्हतं."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "घरातली झाडून सगळी बिस्किटं तिनं पिशवी भरून मला दिली. सणाला पाव-बिस्किट घरात ठेवायचं नसतं त्यांना. कपाटं धुऊन काढली, सणाची भांडी वेगळी काढली. एवढं सोवळं पाळणारी बाई सणाला बिस्किट भाजेल का, सुमे? तुझी लेक ती बिस्किटं खात होती, तुला नाही सुचलं?"

"मग ते मांस आहे हे..."

"गाईचं आहे हेसुद्धा. तिनंच सांगितलं."

मांस फ्रीजमधून काढण्याआधी रूथबाईंनी एक चांगला आणि एक प्लास्टरचा हात डोक्याला लावून शिंगं केली, हंबरून दाखवलं आणि आईंना दाराकडे जायची खूण केली. त्या कशा हंबरल्या हे सांगताना आईंना हसू आवरेना. मग हसायच्या थांबल्या. "तिनं सांगितलं. तू नाही सांगितलंस."



आई दारापर्यंत गेल्याही होत्या. वळून बघतात तर रूथबाई डाव्या हातानं ते जड बिडाचं पातेलं उचलायला धडपडत होत्या. आई मला म्हणाल्या, "लेकरू एवढ्या लांबून आईच्या हातचं जेवायला येणार आणि आईचा हात गळ्यात बांधलेला. हेम पहिल्यांदा अमेरिकेहून आला तेव्हा मी पुरणपोळ्या केल्या होत्या. तेव्हा माझा हात मोडला असता तर?"

त्यांनी पदर खोचला. मांस दोन्ही बाजूंनी परतून लाल केलं, कांद्यावर ठेवलं, झाकण घट्ट बसवलं. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर कापलंही त्यांनीच. रूथबाई बोटानं मांसाचे धागे दाखवत होत्या आणि आई सुरी त्या धाग्यांना आडवी धरत होत्या. तसं कापलं तरच घास मऊ लागतो म्हणे. मीठ चाखलं ते रूथबाईंनी. दोन्ही दिवस आईंनी घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली आणि मग देवापुढे दिवा लावला. विनीता म्हणाली होती, "आजी स्मेल्स लाइक अनियन्स." मलाही वाटलं, कांद्याच्या वासासाठी आंघोळ करत असतील.

वन्सं, लग्न झाल्यापासून आईंपासून काय काय लपवायचं, ह्यातच मी स्वतःला हुशार समजत आले. मला त्यांचं फार कौतुक वाटतंय, आणि ते मी त्यांच्या लेकीला नाही सांगायचं तर कोणाला? माझ्यानं हे झालं नसतं. मी बाहेरून जेवण मागवून दिलं असतं आणि मदत केली असं समजले असते.

हेमचंद्र म्हणाले, "यार, ताईला कशाला लिहितेस? फोन कर, हवापाणी सांग, विषय ड्रॉप कर." मीही हे पत्र फाडायलाच बसले होते. आईंनी वाचून दाखवायला सांगितलं. बिस्किटापर्यंत आले तेव्हा म्हणाल्या, "खोडू नको. खाली खरं लिही. जूनमध्ये मी परत नीलाच्या घरी जाणार, तिच्या देवांना हात लावणार. तिला सांगितल्याशिवाय नाही लावणार."

त्यांना भीती वाटते आहे. बोलून दाखवत नाहीत, पण काल कपाटावरून बॅग काढली आणि ती तशीच रिकामी पडली आहे. तुमचं देवघर म्हणजे त्यांचा सगळा दिवस, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रागवायचं तर माझ्यावर रागवा, लबाडी माझी होती. त्यांना स्वतः दोन ओळी लिहायच्या आहेत, म्हणून खाली जागा सोडते.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
सुमेधा

चि. नीला, अनेक आशीर्वाद. सुमेनं लिहिलंय ते सगळं खरं आहे. हात धुतलेत, लपवलेले नाहीत. देवघरात घेतलंस तर पहिल्यासारखी पूजा करीन. नाही म्हणालीस तर बाहेर बसून तुला फुलं निवडून देईन, राग धरणार नाही. मांस छान मऊ झालं होतं, सुरीखाली कळलं. तो मुलगा दोन दिवसांसाठी आला होता. अजून आईपाशीच आहे.

तुझी,
आई