खोडलेलं रीडिंग

३ फेब्रुवारी
जावईबापूंनी घड्याळ आणून दिलं. मनगटाला बांधलं की म्हणे ठोके कळतात, पावलं कळतात, झोपसुद्धा कळते. माणूस किती मूर्ख आहे, तेवढं कळत नाही.
पण डॉक्टरांनीच सांगितलंय. गेल्या आठवड्यात माझ्या छातीत फडफडलं, तेव्हा म्हणाले, "पंधरा दिवस ठोके लिहून आणा. मग बघू काळजी करायची का." बघू काय! मी कधीच सुरू केलीय.

४ फेब्रुवारी
शाळा आठवीत सुटली. पण कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये अडतीस वर्षं मदतनीस होतो. रीडिंग कसं घ्यायचं, हे मला कुणी शिकवू नये. तीन घ्यायची. दोन जुळतात, एक भलतीकडे जातं. ते खोडायचं. खोडायचं तेही एकाच रेघेने, खालचा आकडा दिसला पाहिजे. पोरांच्या शेकडो वह्या अशा मार्गी लावल्या. कुणाचं काही अडलं नाही.

५ फेब्रुवारी
जावयाकडे गेलो होतो. त्याचे मित्र जमलेले. एकेकाच्या छातीवर सूत्र छापलेलं. दोन तास वाद — सिनेमातलं कुठलं यान जास्त वेगाने जाईल. मध्येच फ्यूज उडाला. पाच इंजिनियर अंधारात मोबाईल धरून उभे. तार मी बदलली. एक जण विचारतो, "आजोबा, व्हिडिओ बघून शिकलात का?"
हे मंगळावर जाणार!

६ फेब्रुवारी
घड्याळ काकडीला बांधलं. ठोके चौसष्ट.
जावईबापूंना फोन केला. "बाबा, ते माणसासाठी असतं." म्हटलं, समोर माणूस नाही, एवढं तरी त्याला कळू दे.
ही म्हणाली, "अहो, चिरू का तिला, की अजून तपासायचीय?"

७ फेब्रुवारी
नुसते माझे आकडे लिहून उपयोग नाही. शेजारी निरोगी माणसाचे हवेत, म्हणजे तुलना होते. हे डॉक्टरला सुचलं नाही, मला सुचलं. घरात निरोगी एकच — ही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हिला कधी अंथरुणाला खिळलेलं पाहिलं नाही.
माझे ७६, ७८, ७७. हिचे ७२, ७४, १३१. शेवटचं खोडलं.

९ फेब्रुवारी
हिचे ७०, १२८, ७३. मधलं खोडलं. समासात लिहिलं — यंत्रदोष.
जावईबापूंना ऐकवलं. "पट्टा सैल असेल, बाबा." काकडीला बरा घट्ट बसला होता!

१० फेब्रुवारी
माझं एक रीडिंग ८४. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१३ फेब्रुवारी
भाजी घेऊन येताना ही जिन्याच्या वळणावर बसली. "जिना लांब झालाय का हो?" पायऱ्या अठरा. मोजून दाखवल्या. असं 'वाटतं' म्हणून सायन्स चालत नाही. एवढं समजावून सांगितलं तर म्हणते, "तुम्ही व्हा पुढे, चहाचं आधण ठेवा."
हिचे ७४, १३६, ७१. खोडलं. काय दळभद्री यंत्र आहे!

१५ फेब्रुवारी
माझे ७७, ७७, ७९. तरी धाकधूक आहेच. परवा दाखवायचं.

१७ फेब्रुवारी
दवाखाना. माझी पानं डॉक्टरांनी भराभर उलटली. "तुमचं उत्तम आहे." केवढं हायसं वाटलं!
मग त्यांचं बोट थांबलं.
"हे खोडलेले कुणाचे?"
"बायकोचे. ते धरू नका, घड्याळाची चूक आहे."
"रोज? आणि फक्त त्यांच्याच हातावर?"
मी काकडीचं सांगितलं. हसले नाहीत.
"त्यांना चढताना दम लागतो का?"
पायऱ्या अठराच आहेत, असं तोंडात आलं होतं. गिळलं.
"कुठे आहेत त्या?"
बाहेर बाकावर होती. माझी औषधांची पिशवी मांडीवर घेऊन.

१८ फेब्रुवारी
हिला दाखल करून घेतलं. ठोके मधूनच पळतात म्हणे, केव्हापासून ते सांगता येत नाही. ठोक्यांची वही ठेवून घेतली त्यांनी. "बरं झालं, खोडलेलं वाचता येतंय," म्हणाले.
लेक आली. माझाही डबा आणला होता. रागावली असती तर बरं झालं असतं.

२० फेब्रुवारी
भेटायची वेळ चार ते पाच. ते घड्याळ नेलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, मनगटावर बोटं ठेवून मोजले. ही म्हणाली, "काकडीपेक्षा बरी आहे ना मी?"
७३, ७५, ११८.
तिन्ही लिहिले.