हौदातलं बंदर

६ जानेवारी १९८०

घरी येऊन बारा दिवस. डोळे पिवळेच. "अजून दोन महिने धरा," असं सांगून पूर्ण्याचा डॉक्टर मोकळा झाला. तिकडं बेटावर बंदर बांधायचं काम जोरात, आणि त्या कामावरचा सहायक इंजिनियर इथं ओसरीवर ताक-भात खातोय. ताडकळसच्या बाजारात सुकट मिळते, तेवढाच आमच्या गावाचा समुद्राशी संबंध.

डोक्यात एकच घोळतंय. बंदराचं तोंड नैऋत्येला काढलंय. मालाची जहाजं सरळ आत यावीत म्हणून. ठीक. पण आतल्या कोपऱ्यात मच्छीमारांच्या होड्या बांधायच्यात, त्यांचं काय? त्यांच्यातला म्हातारा मूसा नकाशा उलटा धरूनही बरोबर बोलला. "मूं उधर मत रखो साब. बारिश का हवा सीधा अंदर आता. कश्त्यां आपस में फुटतीं." माझ्या परभणीच्या दखनीमुळं तेवढा एक माझ्याशी बोलायचा. बदलून घेतो म्हणून मी त्याला शब्द दिला. आणि आठवड्यात कावीळ!

मार्चअखेर तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे पडणार. पडले की संपलं. मग कुणाच्या बापाला हलत नाहीत.

८ जाने.

निघताना दिलेल्या पत्राला मोठ्या साहेबांचं उत्तर. दोन ओळी. शंका कळल्या, पुरावा असल्यास पाठवावा.

पुरावा म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायचं काम. खिडकीतून समुद्र दिसतो ह्या माणसाला, पण बघतो कागदच. दिवसभर चिडचिड. वहिनींवर उगीच ओरडलो, ताक आंबट म्हणून. ताक गोडच होतं.

९ जाने.

सापडलं! मळ्यातला हौद. विहिरीच्या मोटारीचं पाणी त्यात पडतं, तळाला बोळा, बोळा काढला की पाणी पाटानं गव्हाला. वीस फूट बाय बारा. दीडशे फुटांना एक फूट धरलं तर अख्खं बंदर बसतं.

विटांचे तुकडे, खडी, मुरूम. लाटा मारायला बाजेखालची फळी. होड्या म्हणजे भुईमुगाची टरफलं, जहाज म्हणजे दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड. वहिनी बघून गेल्या. "भावजी, कावीळ डोळ्यांतून डोक्यात गेली का काय?"

१२ जाने.

तीन दिवस फळी हलवतोय. हात गळून पडले. एकदा टरफलं फुटतात, एकदा शांत, एकदा जहाजच उलटं बाहेर येतं. एकाला एक मेळ नाही. असला पुरावा पाठवला तर मो. सा. फ्रेम करून भिंतीला लावतील.

त्यात गावकरी. काठावर बसून तंबाखू मळत विचारतात, "बापू, समुंदरात मासे कवा सोडता?" एकानं तर मीठच आणून टाकलं चिमूटभर.

१४ जाने. संक्रांत

दादानं हातावर तीळगूळ ठेवला. "गोड बोल, अन् हौद रिकामा कर. गहू सुकायलाय."

"आठ दिवस दे."

"कुठल्या मुलखातल्या होड्या, अन् माझा गहू मारतो का?"

ह्याच्याशी भांडता येत नाही हीच पंचाईत. मी इंजिनियर व्हावं म्हणून ह्यानं सातवीत शाळा सोडली. बोलून दाखवत नाही कधी, त्यानं आणखी अवघड होतं. आठ दिवस मिळाले.

१६ जाने.

फळी हलवत होतो. शेताच्या कडेला, धुऱ्यावर कुणी उभं. लिंबाजी! आमच्याकडं वीस वर्षं दारं धरली त्यानं. कुठल्या वाफ्याला किती पाणी, कधी फोडायचं, कधी बुजवायचं, हातात घड्याळ नसूनही मिनिटाचा फरक नाही. आता पूर्ण्याला रेल्वेच्या खडीवर जातो म्हणाला. आमचं काम कधी सोडलं ते विचारलं, तर हसून विषय बदलला.

बराच वेळ बघत उभा होता. मग म्हणाला, "बापू, पाणी भिताडाला आदळून माघारी यायलंय. तुमी खरं पाणी कंचं अन् माघारीचं कंचं, कसं वळखता?"

मी फळी खाली ठेवली. एवढं शिकून हे दिसलं नाही! समुद्राला चार भिंती नसतात, हौदाला असतात. आठवडाभर मी भिंतीच्या लाटा मोजत होतो.

"तुराट्याच्या पेंढ्या लावा कडंनं. मोटारीचं पाणी रान फाडू नये म्हणून आपण टाकतो न्हाई का? पाणी त्यात मुरतंय, उलटत न्हाई."

१७ जाने.

पेंढ्या लावल्या. तीनही कडा. लाट जाते, पेंढीत शिरते, मरते. आता तोंडातून येते ती खरी लाट. आणि मूसा बरोबर! नैऋत्येची लाट सरळ कोपऱ्यात. दहादा मारली, दहादा टरफलं भिंतीवर.

जेवताना वहिनींना विचारलं, लिंबाजीनं काम का सोडलं? दादा हात धुवायला गेल्यावर बोलल्या. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात, नामांतराचं पेटलं तेव्हा, खालची वस्ती जाळली. लिंबाजीचं घर त्यात. "तुमचे दादा नव्हते त्या लोकांत. पण दुसऱ्या दिवशी समद्यांनी मिळून ठरवलं, त्यांना कामावर बोलवायचं न्हाई, पाण्यापशी येऊ द्यायचं न्हाई. मंग ह्यांनी बी न्हाई बोलवलं."

तेव्हा मी बेटावर होतो. दादाचं पत्र आलं होतं त्या महिन्यात. पाऊस बरा झाला, मूग चांगला आहे. बाकी काही नव्हतं. मीही काही विचारलं नाही. पेपरात वाचलं होतं तरी.

१८ जाने.

लिंबाजी आला, पण धुऱ्यावरच. हातात काठी. "तिथं न्हाई बापू, वाईच डावीकडं. आणखी. आता एक ईट काढा." मी पाण्यात कुडकुडतोय, हा पंधरा हातांवरून दाखवतोय. वैताग आला.

"अरे उतर की हौदात! काठीनं का दाखवतोस?"

"दादांना इचारा आदी."

तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी त्याला अरे म्हणतो, तो मला अहो. आजपर्यंत हे डोक्यातही आलं नव्हतं.

दादाला विचारलं. "त्या हौदावर जनावरं पाणी पेतात," एवढंच म्हणाला. म्हशी त्यात मुततात तेही म्हणायला पाहिजे होतं मी. मूग गिळून बसलो.

१९ जाने. शनिवार

दादा पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेला. लिंबाजीला निरोप धाडला. धुऱ्यापर्यंत आला, थांबला, इकडं तिकडं पाहिलं. मग धोतर खोचून सरळ पाण्यात.

अर्धा तास नुसता पाण्यात हात घालून उभा. मग म्हणाला, "तोंड हितंच ऱ्हाऊ द्या. जहाज सरळ पायजे म्हंता ना? मंग तोंडाम्होरं अशी आडवी पाळ घाला, थोडी पुढं सरकवून. दाराला आडोसा घालतो तसा. जहाज वळसा घालून येईल. लाटंला काय वळता येतंय?"

लाटही थोडी वळते, मी म्हणालो. "मंग मोजा किती वळती ती," म्हणाला.

घातली पाळ. फळी मारली. मक्याचं जहाज दोरीनं ओढून वळसा देऊन आत आणलं. टरफलं जागेवर. जोरात मारली. नुसती डुलली. वीसदा मारली. वहिनी भाकरी घेऊन आल्या होत्या त्याही काठावर बसून बघत राहिल्या. मी आनंदानं लिंबाजीला मिठीच मारली, दोघंही ओले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

सगळी मापं वहीत उतरवली.

२० जाने.

सकाळी मळ्यात गेलो, हौद कोरडा. बोळा काढलेला. विटा एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या. पेंढ्या म्हशींपुढं.

"गव्हाच्या पाण्याची पाळी होती," दादा. माझ्याकडं न बघता.

"आठ दिवस झाले नव्हते."

"हौद बी धुवायचा होता."

लिंबाजी हौदात उतरल्याचं कुणी सांगितलं कोण जाणे. संबंध दिवस बोललो नाही त्याच्याशी. पालथ्या घड्यावर पाणी. विटा मात्र रचून ठेवल्या, फेकल्या नाहीत. हे कशासाठी लिहितोय मी? ह्याचा राग पुरता येऊ देत नाही हा माणूस.

२२ जाने.

अहवाल पूर्ण. नऊ पानं. आडव्या पाळीचा भाग तीनदा लिहिला. शेवटी "प्रयोगादरम्यान असे निदर्शनास आले की" असं लिहून सोडलं. कुणाच्या निदर्शनास? आमचे मो. सा. खडी फोडणाऱ्या माणसाचं नाव वाचून पुढं वाचणार नाहीत, म्हणून. हे कारण खरं आहे. पुरतं खरं नाही.

२५ जाने.

कुठंतरी पुन्हा नामांतरावरून दगडफेक, बस बंद. काल नाही, आज नाही. शेवटी बैलगाडीनं पूर्ण्याला, रजिस्टर केलं. येताना रुळांकडेला लिंबाजी दिसला. "गेलं का बापू आपलं बंदर?" आपलं म्हणाला. मी हो म्हणालो, गाडी थांबवली नाही.

१८ फेब्रुवारी

उत्तर! मो. सा. नी ह्या वेळी पानभर लिहिलंय. आडव्या पाळीची कल्पना "विचारार्ह". पण हौदातला प्रयोग एकट्याचा धरता येत नाही. तो पुन्हा करावा. बदल सुचवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि अनुभव लिहावा. दोन साक्षीदारांच्या सह्या, पैकी एक जागेच्या मालकाची. दहा मार्चच्या आत हातात पाहिजे, नाहीतर मूळ नकाशा कायम.

बेटावर टपाल पोचायला दहा-बारा दिवस, म्हणजे ह्या आठवड्यात टपालात पडलं पाहिजे. जागेचा मालक कोण? दादा! घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

आधी मो. सा. ना शिव्या घातल्या. मग वाटलं, चुकलं काय त्यांचं? नाव विचारलं. मी आपण होऊन लिहायला पाहिजे होतं ते.

१९ फेब्रु.

खालच्या वस्तीत गेलो. जन्मात पहिल्यांदा. हाकेच्या अंतरावर आहे. लिंबाजीच्या घराला एका बाजूनं अजून काळं आहे, वर नवे पत्रे. "जयभीम," तो म्हणाला. मी जरा अडखळून "जयभीम" म्हणालो. चहा घेतला.

पहिल्या अहवालात नाव घातलं नव्हतं, तेही सांगितलं. मग म्हणाला, "मला वाटलंच होतं. गाडी थांबवली न्हाई तवाच."

लय लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

"आता लिवा. समदं लिवा, बापाच्या नावासकट. अनुभव लिवा, वीस साल दारं धरली. पण बापू, चोरून न्हाई उतरायचा मी हौदात आता. दादांनी सोता बोलवावं."

"तुम्ही नाही आलात तर त्या होड्या फुटतील."

"आमची घरं जळली तवा कुणी आलतं का?" आवाज चढवला नाही त्यानं. "मी येणार न्हाई असं कुठं म्हणलो? बोलवा म्हणलो."

२० फेब्रु.

कागद तयार केला. बदल सुचवणारे: लिंबाजी, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. अनुभव: पाणी देण्याचा, वीस वर्षे.

वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "त्या शनवारी मी व्हते की. टरफलं हालली न्हाईत, डोळ्यांनी बघितलं. माझी सही चालती का?" चालते म्हणालो. पदराला हात पुसून एकेक अक्षर कोरत नाव लिहिलं. "ह्यांना तुमीच दावा पण," म्हणाल्या.

२१ फेब्रु.

दुपारी जेवण झाल्यावर कागद दादापुढं ठेवला. सगळं सांगितलं. मूसा, होड्या, मुदत, आणि लिंबाजीनं काय म्हटलं ते शब्दाला शब्द. शेवटी म्हणालो, "तू माझ्यासाठी शाळा सोडलीस. मी एवढं शिकलो, तरी मला जे दिसलं नाही ते लिंबाजीमामांना दिसलं. नाव त्यांचंच राहील. तू सही कर नाहीतर नको करू, ते नाव मी खोडणार नाही."

दादानं चष्मा लावला. वाचलं. बायकोच्या सहीवर बोट ठेवून थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"मामा कवापासून झाला तो तुझा?"

"परवापासून."

हसला नाही, चिडलाही नाही. कागदाची घडी घालून खिशात टाकली, पेन मागितलं नाही, आणि मळ्याच्या वाटेला लागला.

आता तीन वाजलेत. मोटार चालू झाल्याचा आवाज येतोय. पाणी हौदात पडतंय हे नक्की. आज गव्हाची पाळी आहे, तीही खरी. हौद भरायला बोळा लावलाय का पाटासाठी काढलाय, ते इथून कळत नाही.

वही मिटतो आणि चपला घालतो.