एस्पिनियो मैदानातल्या अंजिराखाली पुरलेले त्रेसष्ट जण

मी, रुफिनो बारागान, वय एकोणऐंशी, राहणार ब्वेनोस आयरेसच्या दक्षिणेला, देपोर्तिवो एस्पिनियो क्लबच्या मैदानाला लागून असलेल्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय आणि दोन दिवस वाइनला न शिवता लिहून ठेवीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ज्याने एकेचाळीस वर्षे गवताशी गप्पा मारण्यात घालवली त्याला तो कसा मिळाला, हे मलाही कळलेले नाही.

कलम १. राहती खोली क्लबची आहे, त्यामुळे ती देऊन टाकण्याचा मोठेपणा मला करता येत नाही. बँकेत जे काही असेल ते माझी एकुलती एक मुलगी ग्रिसेल्दा हिला द्यावे. आकडा पाहून तिने हसू नये.

कलम २. गवत कापायचे यंत्र, दाताळे आणि चुन्याच्या रेघा मारायची गाडी माझ्या जागी येईल त्या माळ्याला. डाव्या गोलपाशी जमीन वीतभर खचली आहे, ती भरू नये. रेल्वे कामगारांनी हे मैदान केले तेव्हापासून ती तशीच आहे आणि पाहुण्यांचे गोलरक्षक तिथे हमखास अडखळतात. प्रेक्षक एकदम उड्या मारू लागले की लाकडी स्टँड करकरतो. त्यालाही घाबरू नये.

कलम ३. पाहुण्या संघाच्या खोलीतले गरम पाणी दर सामन्याला बंद पडायचे. नळ मी बंद करायचो. जे हरले त्यांची माफी मागतो. जिंकलेल्यांची मागणार नाही.

कलम ४. आमच्याकडे क्लबच्या माणसाची राख गोलपुढच्या गवतात पुरायची रीत आहे. घरचे लोक डबा माझ्या हातात द्यायचे, रडायचे, मला मिठी मारायचे. पहिली राख मी प्रामाणिकपणे तिथेच पुरली. राखेने आठवड्यात तेवढे गवत जळून गेले. पुढचे त्रेसष्ट जण मी कपडे बदलायच्या खोलीमागच्या अंजिराखाली नेले. घरच्यांना सांगितले, "गोलच्या अगदी समोर आहेत." विधवा बायका दर रविवारी रिकाम्या गवताकडे मुके फेकतात आणि मी मान खाली घालून रेघा मारतो. अंजिरे मात्र अप्रतिम येतात. अध्यक्षबाई दर वर्षी त्यांचा मुरंबा घालतात. मी कधी चाखला नाही.

त्या त्रेसष्टांत माझी बायको नेलिदाही आहे. तिला गोलसमोर ठेवायचा शब्द मीच दिला होता. पण गवत नुकतेच पेरले होते आणि पुढच्या रविवारी मोठा सामना होता. बायकोपेक्षा मी गवताला जपले. मला याची लाज वाटते. ग्रिसेल्दा आजही गोलकडे बघत आईशी बोलते.

कलम ५. नव्या फाटकासाठी अंजिराचे हे झाड मार्चमध्ये तोडायचे ठरले आहे. ठरावाच्या बाजूने ग्रिसेल्दानेही हात वर केला. माझ्या मृत्यूनंतर हे मृत्युपत्र वाचून झाड वाचवावे.

इथवर लिहून मी ते साक्षीदार ओस्वाल्दोला वाचून दाखवले. तो तीस वर्षे फाटकाबाहेर सॉसेज भाजतो.

"अरे गाढवा," तो म्हणाला, "झाड मार्चमध्ये तोडणार. तू कधी मरणारेस?"

"मला तशी घाई नाही."

"मग कोणाला वाचवणारेस? मुलीला तोंड दाखवायला घाबरतोस, एवढंच लिही की!"

लिहिले. सबब कलम ५ रद्द. शनिवारच्या सभासदांच्या बैठकीत हे मृत्युपत्र मी स्वतः, जिवंतपणी वाचेन.

पुरवणी, रविवार. वाचले. शिव्या भरपूर खाल्ल्या. अध्यक्षबाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाल्या. ठराव मागे घेतला गेला. आज सामना सुरू झाला तरी स्टँडमधली ग्रिसेल्दाची जागा रिकामी होती. मी मागे अंजिराकडे जाऊन पाहिले. ती खोडाला पाठ टेकून बसली होती आणि आतल्या आरडाओरड्यावरून आईला खेळ सांगत होती.

"बाबा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गोल कोणी मारला? आई विचारतेय."

सही: रुफिनो बारागान
साक्षीदार: १) ओस्वाल्दो किरोगा २) एल्बा तादेओ, तिकीट खिडकी
स्थळ: एस्पिनियो मैदान, अंजिराखाली
दिनांक: २१ फेब्रुवारी २०१६